विषय: हॅनिबलची सहल – तिथे जन्मलेली मोठी माणसं

नमस्कार मंडळी,

यंदाची सहल अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या हॅनिबलला, मिसिसिपी नदीच्या काठी जाणार आहे. 'हॅनिबलमध्ये जन्मलेली मोठी माणसं' असं एक पानी टिपण मी मुलांसाठी करतेय. पहिलं नाव अर्थातच लेखक मार्क ट्वेन. अजून कोणाकोणाला घेऊ? रविवारपर्यंत कळवा.

– सहल समितीतर्फे

*

ताई, नमस्कार.

पहिलंच नाव खोडावं लागेल. ट्वेन हॅनिबलचा खरा, पण जन्मला फ्लोरिडा नावाच्या खेड्यात, ३० नोव्हेंबर १८३५ ला. हे फ्लोरिडा मिसुरीतलंच, समुद्रकाठचं राज्य नव्हे. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी बिऱ्हाड हॅनिबलला हलवलं. मुलांना हे जरूर सांगा. जन्म कुठला आणि गाव कुठलं, याची दोन वेगळी उत्तरं देणारी कितीतरी मुलं आपल्याच मंडळात आहेत.

तिथेच जन्मलेल्यांत माझ्या मते पहिला मान मार्गारेट टोबिनचा. जन्म १८६७, आईवडील आयर्लंडहून आलेले, घर बेताचं. तेराव्या वर्षाच्या सुमारास ती तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागली. अठराव्या वर्षी गाव सोडून कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला गेली आणि तिथे ब्राउन नावाच्या खाणीतल्या माणसाशी लग्न केलं. पुढे खाणीत सोनं लागलं आणि घरात पैसा आला. १९१२ साली टायटॅनिक बुडालं तेव्हा ती सहा नंबरच्या होडीत होती. तिने स्वतः वल्हं मारलं, बायकांनाही मारायला लावलं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते तिचं नंतरचं काम. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया जहाज न्यूयॉर्कला निघालं, त्या जहाजावरच तिने श्रीमंत प्रवाशांकडून वर्गणी गोळा केली. कित्येक बायकांचा नवरा गेला होता, सामान गेलं होतं, इंग्रजीही येत नव्हतं. त्यांच्यासाठी जवळजवळ १०,००० डॉलर कबूल करून घेऊनच ती धक्क्यावर उतरली. लोक तिला 'मॉली' म्हणतात, पण हयातीत तिला त्या नावाने कोणी हाक मारत नसे. टिपणात मार्गारेटच लिहा. तिचं जन्मघर अजून आहे, उतारावरचं इवलंसं. बस तिथे थांबवाच.

दुसरा बिल लिअर, जन्म १९०२. शाळा आठवीत सुटली, पण लिअरजेट विमान त्याचं. १९६३ च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा उडालं. मोटारीतल्या रेडिओच्या सुरुवातीच्या कामात त्याचा हात होता, आणि आपल्यापैकी जुन्या लोकांनी गाडीत ऐकलेली ती जाडजूड एट-ट्रॅक टेपही त्याचीच.

तिसरा क्लिफ एडवर्ड्स, जन्म १८९५. युकुलेली वाजवणारा गायक. डिस्नेच्या पिनोकिओतल्या रातकिड्याचा आवाज त्याचा, हे ऐकून लहान मुलं खूश होतील. १९७१ साली तो फार गरिबीत गेला. बेसबॉलवाल्यांसाठी जेक बेकलीचं नाव घाला.

यातलं एकही गावात राहिलं नाही. समोर आगबोटी, आणि १८५९ पासून मिसुरी राज्य आडवं ओलांडणारा पहिला लोहमार्ग याच गावातून सुटणारा. निघायला वाट होती.

– सेंट लुईसचे काका

*

काकांचं पटलं, पण ट्वेनला पानावरून पुरता काढू नका. त्याचं आपल्या मुंबईशी नातं आहे.

कर्ज फेडण्यासाठी तो व्याख्यानं देत जगभर फिरला, तेव्हा जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला होता. ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. मी कॉलेजला रोज तिच्यावरून जायचे. त्या हॉटेलात एका गोऱ्या माणसाने किरकोळ कारणावरून नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर गप्प राहिला. ते पाहून ट्वेनला एकदम मिसुरीतलं बालपण आठवलं. तो दहा वर्षांचा असताना त्याच्यासमोर एका माणसाने रागाच्या भरात गुलामाला लोहखनिजाचा ढेकूळ फेकून मारला होता. गुलामाची चूक एवढीच, की हातून काम जरा वेडंवाकडं झालं. तासाभरात तो गेला. पन्नास वर्षांनी, मुंबईच्या हॉटेलात, हे त्याला आठवलं आणि त्याने ते प्रवासवर्णनात लिहून ठेवलं.

मिसुरीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. मुलं लहान आहेत म्हणून हे गाळू नका. पाहणारा मुलगाही पाचवीतल्या मुलाएवढाच होता.

– कोलंबियाच्या काकू

*

काका, काकू, मनापासून आभार. टिपणाचं नाव आता 'हॅनिबलची माणसं' असं ठेवते. पहिली मार्गारेट. ट्वेन शेवटी, काकूंच्या मुंबईच्या प्रसंगासकट. काकू, तो प्रसंग बसमध्ये तुम्हीच सांगाल का?

आधी मार्गारेटचं घर, मग नदीकाठी डबे. टेकडीवरच्या दीपगृहाला २४४ पायऱ्या आहेत, ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी खाली सतरंज्या घेते.

– सहल समितीतर्फे