मदत हवी आहे: चित्र आधी भाड्याने, मग विकत. सल्लागार कसा निवडावा?

दादरच्या दिवाणखान्यासाठी समकालीन चित्र बघतोय. सोफा ७ फुटी, म्हणजे चित्र साडेचार-पाच फूट रुंद. मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. बजेट दीड लाख. सहा महिने भाड्याने लावायचं, पटलं तर घ्यायचं.

जहांगीर आणि काळा घोड्याच्या आसपासच्या गॅलऱ्या फिरून निवडीला मदत करणारा सल्लागार हवाय, पण फी आमच्याकडूनच घेणारा. गॅलरीकडून कमिशन खाणारा शेवटी त्यांचाच माल गळ्यात मारणार.

करारात काय काय लिहून घ्यावं? भाड्यातली किती रक्कम किमतीतून वजा होते? विमा गॅलरीच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून परत टांगेपर्यंतचा असतो, की फक्त टेम्पोतल्या प्रवासाचा? ताबा घेताना चारही कोपरे, सही आणि मागची बाजू यांचे तारखेसह फोटो काढून दोघांच्या सह्या होतात ना? नाहीतर आधीची चीर आपल्या डिपॉझिटमधून जायची.

खरी अडचण भिंतीची आहे. पश्चिमेची, बाहेरची, पावसाळ्यात ओल धरते. तिथे कॅनव्हास सैल पडतो, मागून बुरशी येते. कागदावरचं काम तर नकोच, माउंट (काच आणि कागदात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) नसेल तर काचेला चिकटतं. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबरी बटणं लावून मागे अर्धा इंच फट ठेवली तर भागेल, की आतलीच भिंत धरावी? आतल्या भिंतीची रुंदी मात्र जेमतेम ५ फूट आहे.