जठराच्या कर्करोगाची रक्ततपासणी: जंतू नाहीत, तरी ‘डी’ गट का?

प्रश्न – योकोहामावासी
माझे वय 52 असून आम्ही बरीच वर्षे जपानात आहोत. यंदाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत आम्ही दोघांनी जादा पैसे भरून जठराच्या कर्करोगाचा धोका सांगणारी ‘एबीसी’ रक्ततपासणी करून घेतली. माझ्या अहवालात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जंतूंची प्रतिपिंडे नाहीत; पेप्सिनोजेन-1 (जठरात तयार होणाऱ्या पाचक द्रव्याचे मूळ रूप) चे प्रमाण 24 आणि पेप्सिनोजेन-2 शी त्याचे गुणोत्तर 1.6 आहे, आणि गट ‘डी’ दिला आहे. जंतूच नसतील तर धोका कसला? पत्नीचा गट ‘ए’, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा, आला. तिने पाच वर्षांपूर्वी पुण्यात याच जंतूंवरचा औषधांचा कोर्स पूर्ण केला होता. मला त्रास काहीच नाही आणि एन्डोस्कोपीची फार धास्ती वाटते. ती टाळता येईल का?

उत्तर – एक पोटविकारतज्ज्ञ
कृपया टाळू नका. पेप्सिनोजेन-1 मुख्यतः जठराच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथींत तयार होते, तर पेप्सिनोजेन-2 सबंध जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाही. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या संसर्गाने अस्तर झिजू लागले की पहिले अधिक घटते आणि गुणोत्तर खाली येते. जपानात पहिले 70 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर 3 किंवा त्याहून कमी असल्यास झीज झाली असे धरतात. जंतू न सापडण्याचा अर्थ तुमच्या बाबतीत बहुधा उलटा आहे: अस्तर इतके झिजले की जंतूंनाही तेथे तग धरता आला नाही. म्हणूनच ‘डी’ हा सर्वाधिक धोक्याचा गट मानतात. कर्करोग झालाच आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. क्वचित स्वतःची प्रतिकारशक्तीच अस्तरावर उलटलेली असते, म्हणून रक्तातील बी-12 जीवनसत्त्वही तपासून घ्या.

उत्तर – ओसाकाकर
वहिनींचा ‘ए’ गट ग्राह्य धरू नका. उपचारानंतर प्रतिपिंडे ओसरतात, पेप्सिनोजेनचे आकडेही सुधारतात, पण जुनी झीज पुसली जात नाही; अशांना येथे वेगळा ‘ई’ गट देतात. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असल्या तरीही आकडे फसवे येतात. धास्तीचे म्हणाल, तर माझी तपासणी नाकातून झाली. नाकपुडी बधिर करून बारीक नळी आत सोडली आणि मी पडद्यावर स्वतःचे जठर पाहत डॉक्टरांना प्रश्न विचारत होतो. येथे पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी ही तपासणी करण्याची शिफारस आहे.

योकोहामावासी
मनापासून आभार. दोघांचीही वेळ घेतली आहे, नाकातूनच. ‘ए’ गटाचा कागद पत्नीने जपून फाइलला लावला होता. त्यावर आता जुन्या कोर्सची तारीख लिहून तो डॉक्टरांना दाखवू.