पुण्याहून: ग्रंथपेटीसाठी मुलांची पुस्तकं

नमस्कार मंडळी,

परदेशात आपण मुलांसाठी चालवतो त्या मराठी पुस्तकांच्या पेटीसाठी पुस्तकं घ्यायला काल अप्पा बळवंत चौकात गेले होते. दुकानातल्या काकांना म्हटलं, "११ वर्षांच्या मुलीसाठी सोपं मराठी काहीतरी द्या." काकांनी आधी विचारलं, "वाचणार कोण? ती स्वतः, की तुम्ही वाचून दाखवणार?"

हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. पेटीतल्या पुस्तकांवर आपण वयाच्या चिठ्ठ्या लावतो, पण त्या इथल्या मुलांच्या हिशेबाने. माझी सई जोडाक्षरापाशी अडखळते, पण समज ११ वर्षांचीच आहे. गेल्या वर्षी मी तिला चिऊकाऊचं पुस्तक दिलं, तेव्हा "हे बाळांचं आहे" म्हणत तिने ते परत केलं. मला वाटलं, हिला मराठीच नको. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा.

काकांनी तिच्यासाठी संगीता बर्वे यांची 'पियूची वही' काढून दिली. २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. एका बैठकीला एक नोंद वाचून थांबता येतं, आणि धाप लागत वाचणाऱ्या मुलांना असा थांबा फार लागतो. मी दुकानातच स्टुलावर बसून पहिली पानं वाचली. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४ चा पुरस्कार) मात्र आपण मोठ्याने वाचून दाखवायची, असं काकांचं मत. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घेतलंय. पेटीतली प्रत विरून गेली आहे.

आणखी कुणाला काय हवंय?

सईची आई

---

ताई, मनापासून आभार.

आमच्या अद्वैतचं काय करू? १४ वर्षांचा आहे. इंग्रजीत ४०० पानांच्या कादंबऱ्या दोन दिवसांत संपवतो. मराठीत फास्टर फेणेपर्यंत आला. मीच वाचून दाखवायचो, 'ट्टॉक' आलं की दोघं एकदम ओरडायचो. पण तो आता फुरसुंगीच्या बन्यापेक्षा मोठा झालाय, आणि पुढचा कप्पा रिकामा दिसतो. त्याच्या वयाचं, त्याच्या प्रश्नांचं मराठी कुठे आहे? वर्षभरात आमचं मराठीतलं बोलणंही "जेवलास का"वर आलंय. मला हे मनाला फार लागतं.

अद्वैतचा बाबा

---

अहो, तुमची मेल वाचून आज पुन्हा गेले दुकानात.

काकांनी मान्य केलं की या वयाचा कप्पा आपल्याकडे विरळच आहे. १२ पर्यंत भरपूर, मग थेट मोठ्यांचं. तरी दोन गोष्टी त्यांनी हातात ठेवल्या. एक, 'साधना' साप्ताहिकाचा युवा दिवाळी अंक. दुसरं म्हणजे 'वाचू आनंदे'चे कुमार गटाचे दोन भाग. यात माधुरीताईंनी मराठीतल्या चांगल्या लेखनातले वेचे निवडलेत आणि सोबत चित्रं आहेत. अख्खी कादंबरी पेलवत नसली तरी दीड-दोन पानांचा कसदार उतारा पेलवतो. तो आवडला तर लेखकाचं नाव विचारेल, मग त्याचं पुस्तक आपण मिळवू.

माझी स्वतःची सूचना: बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तुम्ही १४ वर्षांचे होतात त्या वर्षीचा अंक काढा आणि दोघं मिळून वाचा. तेव्हा तुम्ही काय वाचत होतात, हे त्याला नक्की बघायचं असेल.

सईची आई

---

ताई, १९८९ चा दिवाळी अंक शोधतो. शाळेच्या वाचनालयात 'किशोर'साठी नंबर लावायचो आम्ही. 'वाचू आनंदे'चे दोन्ही भाग नक्की आणा, पैसे लगेच पाठवतो.

अद्वैतचा बाबा

---

सर्वांना,

बॅगेला २३ किलोची मर्यादा आहे. त्यातले ८ किलो पुस्तकांसाठी राखलेत, ६ भरलेसुद्धा. हवं असलेलं पुस्तक शुक्रवारपर्यंत कळवा. वयासोबत दोन गोष्टी जरूर लिहा: मूल स्वतः वाचणार की ऐकणार, आणि सध्या त्याला कशाचं वेड आहे. काकांनी प्रत्येक मुलाबद्दल हेच विचारलंय. आतापर्यंत दोघांचीच उत्तरं माझ्याकडे आहेत.

सईची आई