हवाईहून शिकागोला परत येताना : कोट कुठे ठेवायचे, गाडी कुठे लावायची?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आम्ही हवाईला, बिग आयलंडवर कोनाजवळ जातोय. तिकडे काय बघायचं, काय खायचं याचे धागे वाचून झालेत. माझा प्रश्न फक्त परतीच्या दिवसाचा आहे. आम्ही दोघं, पाच वर्षांचा लेक आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांचं वय ७४, गुडघे दुखतात, विमानात पाय सुजतात, त्यामुळे बंद बूट घालत नाहीत. साडी आणि सँडल, बस.

परतीचे दोन पर्याय दिसतायत. एक म्हणजे कोनाहून छोट्या विमानाने होनोलुलू आणि तिथून रात्रभराचं थेट शिकागो. हे आठेक तासांचं, घड्याळ चार तास पुढे जाणार, म्हणजे पहाटे शिकागोच्या ओहेअर विमानतळावर. दुसरा म्हणजे रात्री कोना ते सॅन फ्रान्सिस्को आणि सकाळी तिथून पुढे, दुपारी पोहोचू. थेट विमान बरं वाटतंय, पण पहाटे पाचला शिकागोची थंडी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको.

खरी अडचण उतरल्यानंतरच्या तासाभराची आहे. निघताना कोना २७ अंशांवर, इथे उणे १५ सुद्धा असू शकतं. चार जणांचे जाड कोट हवाईभर वागवायचे का? नवरा म्हणतो, जाताना गाडीतच काढून ठेवू. पण गाडी इकॉनॉमी पार्किंगला, म्हणजे टर्मिनलवरून आधी ती ट्रेन, मग उघड्या लॉटमध्ये चालणं. आणि सुट्टीभर बर्फात उभी राहिलेली गाडी सुरू होईल का? घर शॉम्बर्गला आहे, फार लांब नाही.

ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी सांगा. हौशी सल्लेही चालतील.

कोकमसरबत : कोट गाडीत अजिबात ठेवू नका. ज्या क्षणी लागणार तेव्हा ते तुमच्याजवळ नसतील, आणि हातात येतील तेव्हा बर्फासारखे गार असतील. पिशवीत दाबून बसणारी पातळ डाउन (आत पिसं भरलेली) जाकिटं घ्या, आत थर्मल आणि फ्लीस. आणि हे चेक-इन बॅगेत नको, केबिन बॅगेतच. ओहेअरला बर्फ असलं की बॅग मागच्या विमानाने येऊ शकते.

शिवाय हवाईत कोट लागतच नाही हा गैरसमज आहे. किलाउएया ज्वालामुखीचा माथा १,२०० मीटरच्या वर आहे, संध्याकाळी तिथे चांगलंच गार वाजतं. मौना केआ पर्वताचं व्हिजिटर स्टेशन २,८०० मीटरवर. माथा तर ४,२०७ मीटर, हिवाळ्यात तिथे बर्फही पडतं. सासूबाईंना माथ्यावर नेऊ नका, पण खालून तारे बघायला गेलात तरी हीच जाकिटं कामाला येतील.

उंबरठा : थेट विमानच घ्या. गुडघेदुखीच्या माणसाला मधल्या विमानतळावर पळवणं म्हणजे शिक्षा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आणि होनोलुलूला दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. पायांसाठी कम्प्रेशन सॉक्स, पण आधी डॉक्टरांना विचारून. जागं असताना तासा-दीड तासाने आयलमध्ये फेरी. सँडलवर लोकरीचे मोजे चालतात, आमच्या आईने सबंध हिवाळा तसाच काढला. कोण बघतंय?

गाडीचं म्हणाल तर उणे १८ च्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. जुनी बॅटरी असेल तर जाण्याआधी तपासून घ्या. पण मुद्दा बॅटरीचा नाहीच. रात्रभर न झोपलेल्या माणसाने पहाटे निसरड्या रस्त्यावर गाडी का चालवायची? जाता-येता टॅक्सी करा. पार्किंगचे पैसे वाचतात, फरक फार पडत नाही. लेकाची बूस्टर सीट मात्र सोबत हवी.

कोकमसरबत : +१ टॅक्सीला. आणि घराचा थर्मोस्टॅट पूर्ण बंद करू नका हो, १३ अंशांच्या खाली नकोच. पाण्याचा मुख्य नळ बंद करून जा. पाइप फुटला तर कोटांचा प्रश्न फारच किरकोळ वाटेल.

पाटावरवंटा : एक राहिलं. हवाईहून मुख्य भूमीवर येताना सामानाची शेतीखात्याकडून तपासणी होते. अननस, नारळ, भाजलेली कॉफी चालते. ताजे आंबे, फणस नाही. आणि आपली मंडळी हमखास अडकतात ती कढीपत्त्यात. कुणी परसातला ताजा डहाळा दिला तरी आणू नका. लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारी कीड त्यावर असते, म्हणून बंदी. समुद्रात स्कूबा करणार असाल तर शेवटचा दिवस मोकळा ठेवा, अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. स्नॉर्केलिंगला अडचण नाही.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. थेट विमान आणि टॅक्सी पक्की. नवऱ्याला बॅटरीचा परिच्छेद वाचून दाखवला, तो गप्प आहे. कढीपत्त्याचं बरं झालं सांगितलंत, तिथे एका ओळखीच्यांकडे झाड आहे आणि सासूबाईंनी आधीच मागून ठेवलाय.

आता उरला एकच प्रश्न. पातळ जाकीट दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे कागदासारखं काय? माझी शाल पुरे." साडीवर बसेल, पदर अडकणार नाही आणि गुडघ्यांपर्यंत येईल असं हलकं, पुढून उघडणारं काही कुणी घेतलंय का? कुठल्या मापाचं घेतलंत तेही लिहा.