मोठ्याला दवाखान्यात न्यावं का?

ताई तुम्ही विचारलंय दुसऱ्या बाळाला बघायला मोठ्याला दवाखान्यात न्यावं का, तर माझं मत न्याच. आमची धाकटी मिरजेत झाली, रात्री दोनला कळा सुरू, सांगलीहून निघालो आणि पोचल्यावर तासाभरात बाळंतपण झालं पण, पहिल्या वेळी बारा तास लागलेले, दुसऱ्या वेळी बऱ्याचदा लवकर होतं त्यामुळं बॅग आधीच भरून ठेवा. सकाळी आई मोठ्याला घेऊन आली, तो दारातच थांबला, मग हळूच धाकटीच्या मुठीत बोट घातलं आणि तिनं ते घट्ट धरलं, पोरगा पाच मिनिटं हललाच नाही!! मात्र मोठ्याला सर्दी-खोकला असेल तर नेऊ नका. आणि हो, बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा आजार) ची लस दिली का ते आवर्जून विचारा.