प्रथम वर्षाच्या प्रोग्रामिंगमधील गळती: वरच्या वर्गातील मुलांची मदत कशी घ्यावी?

प्रश्न (अध्यापिका, नागपूर)
मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रथम वर्षाला ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. गडचिरोली-गोंदियाकडून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली बरीच मुले पॉइंटर (संगणकाच्या स्मृतीतील जागेचा पत्ता ठेवणारे चल) सुरू होईपर्यंत मागच्या बाकावर सरकतात, मग प्रॅक्टिकल चुकवू लागतात आणि एकदा बॅक लागली (विषय राहिला) की शाखा बदलण्याची भाषा करतात. गेल्या वर्षी आम्ही कच्च्या मुलांची यादी फलकावर लावून त्यांच्यासाठी तृतीय वर्षाच्या मुलांकडून जादा वर्ग घेतले. पहिल्या दिवशी नऊ जण आले. तिसऱ्या आठवड्यात दोनच उरले. आमचे कुठे चुकले?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ)
त्या यादीतच. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डिअ‍ॅना मार्टिन यांनी १९७३ मध्ये ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ सुरू केले, तेव्हा त्यांनी शिक्का विद्यार्थ्यावर न मारता विषयावर मारला: ज्या विषयात नापास होणारे आणि मध्येच सोडणारे अधिक, तो विषय अवघड, म्हणून त्याची सत्रे सर्वांना खुली. तो विषय चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा तासांना बसतो आणि मग सत्र घेतो, त्यामुळे शिक्षक आज नेमके कुठवर आले हे त्याला ठाऊक असते. हुशार मुलेही येऊन बसली, म्हणजे तिथे जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

उत्तर २ (अंतिम वर्षाचा विद्यार्थी)
मॅडम, मी दोन सेमिस्टर असे गट घेतले आहेत. एका मुलाचा प्रोग्राम कंपाइल होत होता, पण संख्या टाइप करून एंटर दाबताच बंद पडत होता. ‘स्कॅनएफ’ या टाइप केलेली माहिती वाचून घेणाऱ्या आज्ञेत चलाच्या नावाआधीचे अँपरसँड (&, म्हणजे ‘या चलाचा पत्ता’) राहिले होते. माझा हात कीबोर्डकडे गेला होता. तो आवरून मी त्याला एवढेच विचारले, की ही संख्या नेऊन ठेवायची कुठे, हे तू संगणकाला सांगितलेस का? पाच मिनिटे तो पडद्याकडे पाहत राहिला आणि मग चिन्ह त्यानेच घातले. पुढे पॉइंटर शिकवताना ‘पत्ता म्हणजे काय’ हे गटाला त्यानेच सांगितले, तेही झाडीबोलीत. गट घेणाऱ्यांना आधी गप्प बसायला शिकवा. खरे सांगायचे तर मलाच ते सर्वांत कठीण गेले.

उत्तर ३ (संगणक विभाग, वर्धा मार्ग)
न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्रासाठी सुरू झालेल्या ‘पीअर-लेड टीम लर्निंग’मध्ये तो विषय आधी शिकलेल्या विद्यार्थ्याने चालवलेला सहा ते आठ जणांचा गट दर आठवड्याला ठरल्या वेळी भेटतो. आपल्याकडे सायंकाळी पाचनंतर सत्र ठेवले, तर कामठी-बुटीबोरीची मुले बस चुकेल म्हणून निघून जातात. तेव्हा वेळापत्रकातच तास मिळवा आणि गट घेणाऱ्यांना मानधन द्या. मात्र निकाल तपासताना सावध राहा: स्वेच्छेने येणारी मुले मुळातच अधिक चिकाटीची असू शकतात, त्यामुळे आलेल्यांचे आणि न आलेल्यांचे गुण नुसते शेजारी मांडून परिणाम सिद्ध होत नाही.

प्रश्नकर्ती
फलकावरची यादी आजच काढून टाकते. बुधवारचा चौथा तास विभागप्रमुखांकडे मागितला आहे. मानधनाचे मात्र अजून अडले आहे.