टॅटूचा रंग काही वर्षांनी कसा दिसतो? कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

टॅटूच्या दुकानात जे फोटो दाखवतात ते सगळे नुकत्याच काढलेल्या टॅटूचे. कातडी लालसर, वर व्हॅसलीनची चकाकी, रंग नुसते उठून दिसतात. पाच-दहा वर्षांनंतरचा फोटो कोणी दाखवत नाही, आणि निर्णय तर त्याच्यावरच घ्यायला हवा. म्हणून हा धागा. अंगावर कुठं आहे, कोणता रंग, उन्हात किती वावर आणि आता कसा दिसतो, एवढं लिहा. जुनं गोंदणही चालेल. दुकानाचं नाव मात्र नको, उगाच भांडणं होतात.

शिवाजी पेठ
राजमुद्रा आहे, उजव्या मनगटाच्या वर. शिवजयंतीच्या आधी काढलेली, आता आठ-नऊ वर्षं होत आली. अष्टकोन, आत पूर्ण श्लोक, अक्षरं तांदळाएवढी. अष्टकोन अजून ठणठणीत. आतली मजा मात्र गेली. 'प्रतिपच्चंद्र'मधला च्च म्हणजे एक काळा ठिपका, 'शिवस्यैषा'मधला स्यै पाठ आहे म्हणून वाचायचा, 'विश्व'च्या श्वचं पोट भरून आलंय. रंग काळाच, पण कडेनं निळसर झाक. माझं काम मार्केट यार्डात, हात दिवसभर उन्हात. मित्रानं त्याच आठवड्यात, तिथंच, पाठीवर ताटलीएवढी काढून घेतली. तेव्हा आम्ही लै हसलो होतो त्याला. त्याची अजून लांबून वाचता येते.

टॅटू काढणारा, शाहूपुरी
भावा, ऊन हे अर्धंच कारण. शाई वरच्या कातडीत नसतेच. साधारण एक-दोन मिलिमीटर खाली, आतल्या थरात बसते. निडल वरवर चालली तर पापुद्र्याबरोबर रंग निघून जातो. फार खोल गेली तर त्याच दिवशी पसरतो आणि रेषेभोवती निळा धूर धरल्यासारखं दिसतं. बरोबर बसलेली रेषसुद्धा वर्षानुवर्षं थोडी थोडी जाड होत जाते, ते कोणाच्या हातात नाही. म्हणून जोडाक्षरं असली की मी गिऱ्हाइकाला सांगतो, आकार मोठा घ्या नाहीतर मजकूर कमी करा. निम्मी माणसं ऐकत नाहीत.

रंगाचं म्हणाल तर काळा सगळ्यांत टिकाऊ. गडद निळा, गडद लाल बरे राहतात. फिकट पिवळा, गुलाबी, आकाशी लवकर विरतात. पांढऱ्याचा हट्ट धरू नका. आपली कातडी गव्हाळ-सावळी, आणि रंग दिसतो तो तिच्या आडून. बरं झाल्यावर पांढरा साईच्या रंगाचा होतो, पुढं जुन्या डागासारखा. फिकट रंग हवाच असेल तर भोवती काळी रेघ असू द्या. बोटांच्या कडेला आणि तळव्याला मी काढतच नाही. तिथली कातडी सारखी झिजते, महिन्यात फोन येतो, 'दादा, अर्धा गेला.'

राधानगरी, सध्या कोल्हापूर
आमच्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, कपाळावर टिंबं आणि कोपराखाली भावाचं नाव. काजळी कालवून, तीन-चार सुया एकत्र बांधून, अंगणात बसून गोंदलेलं. वर हळद चोपडायची. ती सांगायची की गोंदलं तेव्हा काळंभोर होतं. आम्ही पाहिलं ते हिरवटच. वृंदावनाच्या पायऱ्या एकमेकीत मिसळल्या होत्या, पण सत्तरी ओलांडली तरी ते पुसलं नाही. एवढी वर्षं शेतात, भांगलणीला, चुलीपुढं गेली, तरी राहिलं. माझ्या मनगटावरचं रंगीत फुलपाखरू चार वर्षांत ओळखू येईना. काजळी हिरवी का होते, ते कोणीतरी सांगा.

कसबा बावडा
माझं वेगळंच आहे. पायाच्या वरच्या बाजूला वेल, हिरवी पानं आणि जांभळी फुलं. मी बारमाही कोल्हापुरी चप्पल घालते. परवा चप्पल काढून बघितलं तर पट्ट्याखालची दोन पानं अजून हिरवी, आणि पट्ट्याबाहेरची राखाडी झालेली. मधे अगदी सरळ रेघ! मला वाटायचं पट्टा घासून रंग जाईल. झालं उलटंच. आता टचअप करायचा तर पट्ट्याखालचा रंग जुळवणार कसा, हा प्रश्न.

करवीर तालुका, भरतीची तयारी
दंडावर नाव आणि गुलाब होता. सैन्यात कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजामागं चालतो, दंडावरचा चालत नाही. म्हणून लेझर सुरू केलं. दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवड्यांचं अंतर. नाव जवळपास गेलं, फूल निम्म्याहून जास्त गेलं, पान जसंच्या तसं. दंडावर नुसतं हिरवं पान घेऊन तालमीत गेलं की पोरं विचारतात, 'काय रं, झाड लावा मोहीम?' दुखतं किती ते विचारू नका.

पार्लरवाली, राजारामपुरी
भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्यानं केसांसारख्या रेघा ओढून रंग भरणं) हाही टॅटूच, पण बायकांना ते सांगितलेलं आवडत नाही. लग्नाआधी तपकिरी करून जातात आणि वर्ष-दीड वर्षानं विटकरी भुवया घेऊन येतात. काहींच्या राखाडी होतात. तपकिरी हा मिसळून केलेला रंग. त्यातला काळा आधी उतरला की खालचा लाल उघडा पडतो.

त्वचारोगाची डॉक्टर
दोन-तीन प्रश्न एकदम घेते. आजीच्या गोंदणाचं आधी. काजळी म्हणजे कार्बन, तो आत काळाच असतो. पण कातडीवर पडलेल्या उजेडातला लाल भाग खोल जाऊन तिथं शोषला जातो आणि निळा भाग वरच्या वर विखरून परत येतो. म्हणून खोलवरचा काळा निळसर दिसतो, शिराही याच कारणानं निळ्या दिसतात. त्यात कातडीची पिवळट छटा मिसळली की डोळ्याला हिरवट.

कार्बन टिकतो कारण उन्हानं तो मोडत नाही. रंगीत शाईतले बरेचसे लाल-पिवळे रंग सेंद्रिय रसायनं असतात, अतिनील किरणांनी त्यांचे रेणू तुटतात. चपलेच्या पट्ट्यानं सावली धरली, एवढंच. पट्टा घासतो तो वरच्या थरावर, रंग त्याच्या खाली.

शाई आत राहते कशी, हेही गमतीचं आहे. शरीरातल्या भक्षक पेशी ती बाहेरची वस्तू समजून गिळतात, पण त्यांना ती पचत नाही. पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. या देवाणघेवाणीत थोडे कण इकडंतिकडं सरकतात, काही लसिकाग्रंथींत, म्हणजे काखेत-जांघेत असतात त्या गाठींत, जातात. म्हणून रेषा जाड आणि रंग फिका.

भरतीवाल्या मुला, यंत्राचा दोष असेलच असं नाही. काळ्यावर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर चालतो, लालवर ५३२. हिरवा त्या दोन्हींना दाद देत नाही, त्याला ६९४ किंवा ७५५ लागतो. जिथं जातोस तिथं तो आहे का, ते आधी विचार. आणि भुवयांवर सरसकट लेझर मारून घेऊ नका. त्या शाईत बहुधा लोहाचे ऑक्साइड असतात, पांढऱ्यात टायटॅनियमचा. लेझरनं ते क्षणात काळे पडू शकतात.

इचलकरंजी
डॉक्टर, माझ्या पाठीवरच्या गुलाबात फक्त लाल पाकळ्या खाजतात. उन्हाळ्यात फुगून हाताला लागतात. काळा देठ गप्प आहे. लेझरनं तेवढा लाल काढून टाकू का?

त्वचारोगाची डॉक्टर
नको, घाई करू नका ताई. शाईची ॲलर्जी सर्वांत जास्त लालचीच दिसते, कधी कधी टॅटू काढल्यावर कैक वर्षांनीही. लेझरनं कण फुटून ते अंगभर पसरले तर पुरळ सगळीकडं उठू शकतं. घरातलं कुठलंतरी स्टिरॉइडचं मलमही मनानं चोळू नका. आधी दाखवून घ्या. कधी कधी कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि तोवर त्याच लालमध्ये टचअप तर मुळीच नको.